पांढरं पाणी गेलं कुठे?

(सामुदायिक रेडिओवर सादर केलेलं भाषण)

 

आम्ही कापूस-तुरीच्या पट्ट्यातल्या. आमच्या बचत गटात आम्ही बारा जणी. पापड-शेवयांनी काही भागेना, म्हणून गटाने कर्ज काढलं आणि गावचा तलाव मासेपालनासाठी घेतला. कटला, रोहू आणि मृगळाची बोटुकली आणून सोडली. तेव्हापासून त्या तलावाकडे आमचं रोजचं लक्ष. आधी नुसतं पाणी दिसायचं, आता त्यात आमचा हप्ता दिसतो.

पहिल्याच पावसाळ्यातली गोष्ट. फवारणीचे दिवस होते. संध्याकाळी शेतातून येताना माणसं तलावाच्या घाटावर थांबायची आणि पाठीवरचा पंप धुवायची. पंप आडवा केला की दुधासारखं पांढरं पाणी तलावात पसरायचं. फवारणीचे कपडेही आम्ही बाया तिथेच धूत होतो. हो, आम्हीही. हे आधीच कबूल केलेलं बरं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघावं तर पाणी नेहमीसारखं, जरासं तांबूस. पांढरेपणा नाही, वास नाही. आम्ही म्हणायचो, गेलं वाहून.

आमच्या गटात एक मावशी आहेत. शाळेत कधी गेल्या नाहीत, पण नजर पक्की. त्या एका बैठकीत म्हणाल्या, "अगं, तलाव अजून भरला नाही. सांडवा कोरडा पडलाय. मग वाहून गेलं कुठं?"

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो.

त्याच महिन्यात घाटाच्या बाजूला काही बोटुकली मरून तरंगताना दिसली. आता ढगाळ दिवसांत पहाटे पाण्यातला प्राणवायू कमी झाला, तरी मासे मरतात. म्हणून औषधानेच मेली असं आम्ही छातीठोकपणे म्हणत नाही. पण मावशींचा प्रश्न डोक्यातून जाईना. औषध विकणाऱ्या एका दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "पाणी नितळ झालं ना? मग संपलं." मग आम्ही हायस्कूलच्या विज्ञानाच्या बाईंना गटाच्या बैठकीत बोलावलं. त्यांनी जे सांगितलं आणि त्यानंतर आम्ही जे वाचलं, विचारलं, तेच आज तुम्हाला सांगणार आहोत.

बाईंनी सुरुवात केली ती आपल्या स्वयंपाकघरापासून. हाताला तेल लागलं आहे आणि साबण संपला आहे. नुसतं पाणी घेतलं तर तेल जातं का? नाही. पाणी वरून घरंगळतं आणि हात तेलकटच राहतो. मग आपण काय करतो? डाळीचं पीठ घेतो, कोरडंच चोळतो आणि मग पाणी घेतो. हात स्वच्छ. झालं काय? तेलाचं पाण्याशी पटत नव्हतं, पण पिठाशी पटलं. तेल पिठात शिरलं आणि पीठ पाण्याबरोबर गेलं.

आता ते हाताखालचं पाणी एका पातेल्यात धरा आणि तासभर ठेवा. जाड पीठ तळाशी बसतं, वरचं पाणी मात्र गढूळच राहतं, कारण बारीक पीठ त्यात तरंगत असतं. मग हातावरचं तेल गेलं कुठे? थोडं तळाच्या पिठात, थोडं वरच्या गढूळ पाण्यात. संपलं नाही, फक्त जागा बदलली. मैत्रिणींनो, आमच्या तलावात हेच झालं होतं.

आता औषधाकडे येऊ. औषधाच्या बाटलीवर नावापुढे दोन-दोन अक्षरं असतात. सायपरमेथ्रीन, क्लोरपायरीफॉस यांच्या बाटलीवर बहुतेक 'ईसी' असतं. ही औषधं तेलासारख्या द्रवात विरघळवलेली असतात आणि सोबत साबणासारखा पदार्थ घातलेला असतो. पाण्यात टाकली की त्यांचे बारीक थेंब होतात आणि पाणी दुधासारखं पांढरं होतं. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध बरेचदा 'एसएल' म्हणून येतं. ते पाण्यात सरळ विरघळतं, पाणी पांढरं होत नाही.

हा फरक साधा नाही. एक लिटर पाण्यात इमिडाक्लोप्रिड साधारण ६०० मिलिग्रॅम विरघळतं. क्लोरपायरीफॉस जेमतेम एक मिलिग्रॅम. आणि सायपरमेथ्रीन? एका मिलिग्रॅमचा शंभरावा भागसुद्धा नाही. म्हणजे पांढरं पाणी करणारी ही औषधं मुळात पाण्यात राहायलाच तयार नसतात. हाताला लागलेल्या तेलासारखी ती चिकटायला काहीतरी शोधत असतात. डीडीटी त्याच जातीचं. शेतीत त्याचा वापर आपल्या देशात १९८९ पासून बंद आहे, पण ते वर्षानुवर्षं मातीत टिकतं.

मग तलावात त्यांना चिकटायला काय मिळतं? तर कुजका अंश. पळसाची-बाभळीची पानं पडतात, गवत सडतं, शेण वाहून येतं, शेवाळ मरतं. हे सगळं कुजून जे काळपट-तांबूस उरतं, त्याला ह्युमस म्हणतात. आपल्या शेणखतात तेच असतं. त्याचा जाड भाग मातीत आणि गाळात बसतो. बारीक भाग पाण्यात उतरतो आणि पाण्याला कोऱ्या चहासारखा रंग देतो. पहिल्या पावसात तलाव तांबूस दिसतो, त्यात माती असते आणि हा पानांचा काढाही असतो.

या ह्युमसचा स्वभाव रिठ्यासारखा आहे. त्याच्या एका अंगाचं पाण्याशी जमतं, म्हणून तो पाण्यात राहू शकतो. दुसऱ्या अंगाचं तेलाशी जमतं. पाण्यात न रमणारं विष आलं की ते या दुसऱ्या अंगाला जाऊन बिलगतं. १९७९ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला होता. त्यात दाखवलं होतं की पाण्यात असलेली माती अशी तेलकट रसायनं ओढून घेते, ते काम मुख्यतः मातीतल्या कुजक्या अंशाचं असतं. तेलात तेल मुरावं तसं ते रसायन त्यात मुरतं. पुढे १९८६ साली त्याच वाटेच्या अभ्यासात दिसलं की पाण्यात विरघळलेला ह्युमस असेल, तर डीडीटीसारखं न विरघळणारं विषही पाण्यात जास्त प्रमाणात राहू शकतं. म्हणजे मातीतलं ह्युमस विषाला बांधून ठेवतं, आणि पाण्यातलं ह्युमस त्याला पाठीवर घेऊन फिरतं.

बांधणं आणि फिरवणं, ही दोन्ही कामं समजून घेतली तर बाकी सगळं सोपं आहे.

आधी बांधणं. तुमच्या शेताची मृद आरोग्य पत्रिका काढून बघा. त्यात 'सेंद्रिय कर्ब' असा एक आकडा असतो. आपण तो खतासाठी बघतो. पण तोच आकडा सांगतो की तुमची माती असलं तेलकट औषध किती धरून ठेवेल. सेंद्रिय कर्ब दुप्पट झाला, तर धरायची ताकदही साधारण दुप्पट. धरलेल्या औषधावर मातीतले जिवाणू काम करतात आणि क्लोरपायरीफॉस, सायपरमेथ्रीनसारखी औषधं काही आठवड्यांत ते महिन्यांत तोडतात. म्हणून औषध शेतातल्या जिवंत मातीत राहणं हे तलावात येण्यापेक्षा कितीतरी बरं. शेणखत, कंपोस्ट, पालापाचोळा शेतात घालायचा, याचं हे आणखी एक कारण.

आता फिरवणं. जोराचा पाऊस आला, उघड्या रानातली माती वाहिली, की चिकटलेलं औषध त्या मातीवर बसून तलावात येतं. तलावात माती तळाशी बसते आणि गाळ होतो. तळाशी प्राणवायू कमी, ऊन पोचत नाही, म्हणून तिथे बरीच औषधं हळू तुटतात. आणि तिथून ती पुन्हा सुटतात. वरचं पाणी बदललं, नवं नितळ पाणी आलं, की गाळातलं विष थोडं थोडं वर येत राहतं. कर्ज फेडावं तसं, हप्त्याहप्त्याने. म्हणून पाणी नितळ दिसलं याचा अर्थ विष संपलं असा होत नाही.

आता आमच्या जिव्हाळ्याचा विषय, मासे. सायपरमेथ्रीनच्या जातीची औषधं माशांना फार घातक. पाण्यात मोकळं असलेलं औषध माशाच्या कल्ल्यातून सरळ आत जातं. ह्युमसला बिलगलेलं औषध तितकं सहज आत जात नाही, कारण गाठोडं मोठं होतं. म्हणजे तांबूस पाणी माशांना थोडी ओट देतं. ऐकून आम्हाला बरं वाटलं. पण बाईंनी लगेच विचारलं, "तुमचा मृगळ काय खातो?" आम्ही गप्प. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात, आणि मृगळ तळाशी. गाळातलं कुजकं खाऊनच तो वाढतो. म्हणजे ज्याला विष चिकटलं आहे, तेच त्याचं जेवण. आणि डीडीटीसारखी जुनी, चिवट औषधं एकदा पोटात गेली की चरबीत जाऊन बसतात. माशाच्या, जनावराच्या, आणि ते खाणाऱ्या माणसाच्याही.

आता पिण्याच्या पाण्याचं. आमची विहीर तलावाच्या खालच्या अंगाला आहे. पाणी मातीतून झिरपून येतं, म्हणून दिसायला काचेसारखं. या झिरपण्यात तेलकट औषधांचा मोठा भाग मातीतच अडकतो, हे खरं. पण पाण्यात विरघळणारी औषधं तशी अडकत नाहीत, ती नितळ पाण्याबरोबर येऊ शकतात. म्हणून गढूळ म्हणजे विषारी आणि नितळ म्हणजे शुद्ध, हा हिशेब सोडून द्या.

घरी आपण पाण्यावर जे जे करतो, त्याचा उपयोग कुठे होतो आणि कुठे नाही, हे नीट पाहू.

जुन्या साडीचं कापड चार पदरी, आठ पदरी करून पाणी गाळणं. बांगलादेशातल्या खेड्यांमध्ये याचा अभ्यास झाला आणि २००३ साली तो प्रसिद्ध झाला. दुमडलेल्या जुन्या साडीने पाणी गाळणाऱ्या घरांत पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने कमी झाले. कारण पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून असतात आणि ते जीव साडीत अडकतात. तेव्हा गाळणं सोडू नका. मातीचे कण आणि त्यांना चिकटलेलं बरंच काही त्यात अडकतं. पण चहाचा रंग साडीतून आरपार जातो, आणि त्याच्या पाठीवर बसलेलं विषही.

तुरटी फिरवणं. तुरटीने बारीक माती आणि तांबूस अंशाचा काही भाग गोळा होऊन खाली बसतो, आणि त्याला बिलगलेलं विषही त्याच्यासोबत बसतं. म्हणून तुरटीचा उपयोग आहे. मात्र तळाचं पाणी ढवळू नका. वरचं पाणी हळूच ओतून घ्या, आणि खालचा गाळ विहिरीपाशी किंवा परसातल्या भाजीत टाकू नका.

उकळणं. उकळल्याने जंतू मरतात. पण ही औषधं उकळून जातात, अशी खात्री धरू नका.

टीसीएल पावडर आणि मेडिक्लोर. जंतूंसाठी ते हवंच. पण क्लोरीन तांबूस पाण्यात टाकलं, तर तो कुजका अंशच बरंचसं क्लोरीन खाऊन टाकतो आणि जंतूंसाठी काही उरत नाही. पावसाळ्यात जलसुरक्षक टीसीएल टाकतो, तरी ओटी चाचणीत पाणी पिवळं होत नाही, त्याचं हे एक कारण. शिवाय क्लोरीन आणि कुजका अंश एकत्र आले की काही नको असलेली रसायनंही तयार होतात. १९७४ साली हॉलंडमधल्या एका शास्त्रज्ञाने हे दाखवून दिलं. पण म्हणून क्लोरीन बंद करायचं नाही बरं का. जंतूंचा धोका मोठा आणि लगेचचा आहे. क्रम मात्र पाळायचा. आधी पाणी बसू द्या, गाळा, तुरटी फिरवा, रंग-गढूळपणा घालवा, आणि मग क्लोरीन टाकून अर्धा तास थांबा.

काहींच्या घरी कोळशाचं फिल्टर आलं आहे. तो कोळसा अशी औषधं पकडतो, चांगलं पकडतो. पण पाणी तांबूस असेल तर ह्युमसच कोळशाच्या छिद्रांत जाऊन बसतो आणि विषाला जागा उरत नाही. एसटीत आधीच गर्दी झाली की पुढच्या थांब्यावरच्याला जागा मिळत नाही, तसं. म्हणून तांबूस पाणी आधी स्वच्छ करून मगच त्यात घाला, आणि कांडी वेळेवर बदला.

आणि एक. गावात ज्या महिलांना पाणी तपासायचं किट दिलं आहे, त्या फ्लोराइड, नायट्रेट, क्लोरीन वगैरे तपासतात. जंतूंसाठीची बाटली काळी पडते का, तेही बघतात. ते काम महत्त्वाचंच आहे. पण त्या किटमध्ये कीटकनाशक कळत नाही. त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेत नमुना द्यावा लागतो. म्हणून 'किटमध्ये सगळं बरोबर आलं' एवढ्यावर घाटावर पंप धुवायला मोकळीक घेऊ नका.

आता राहिला गाळ. उन्हाळ्यात तलावातला गाळ काढून शेतात टाकतात. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' तुम्ही ऐकलंच असेल. गाळ चांगला, माती सुधारते, आम्हीही नेला. पण ज्या कुजक्या अंशामुळे गाळ कसदार असतो, त्याच अंशाला औषधही चिकटलेलं असतं. म्हणून आम्ही आता घाटाजवळचा, जिथे पंप धुतले जायचे तिथला गाळ वेगळा काढतो. तो भाजीच्या वाफ्यात टाकत नाही आणि चुलीला-भिंतीला लिंपायलाही घेत नाही. बांधापासून दूर, विहिरीपासून लांब, पातळ पसरून उन्हा-वाऱ्यात राहू देतो. बाकीचा गाळ बिनधास्त शेतात.

हे सगळं कळल्यावर आम्ही ठरवलं काय, तेही सांगतो.

पंप तलावावर, नाल्यावर, विहिरीवर धुवायचा नाही. शेताच्या कडेला एक टाकी पाणी ठेवायचं, तिथेच पंप धुवायचा आणि ते धुवण फवारलेल्या पिकावरच मारून टाकायचं. रिकामी बाटली तीन वेळा विसळायची, ते पाणीही पंपातच. मग बाटलीला भोकं पाडायची, म्हणजे कुणी तिच्यात तेल-रॉकेल भरणार नाही. फवारणीचे कपडे बाकी धुण्यात मिसळायचे नाहीत. हातमोजे नसतील तर जाड प्लास्टिकची पिशवी हाताला बांधून, साबण लावून, तलावापासून लांब धुवायचे. पाऊस येणार असं दिसलं तर त्या दिवशी फवारायचं नाही. आणि तलावाच्या वरच्या अंगाला शेताच्या कडेने गवताचा पट्टा ठेवायचा. वाहती माती त्यात अडकते, मातीसोबत चिकटलेलं औषधही. विरघळणारं औषध त्यातून बरंचसं निसटतं, म्हणून त्याला उपाय एकच, गरजेपुरतंच वापरणं.

हे सहज झालं असं समजू नका. आम्ही महिला ग्रामसभेत विषय मांडला तेव्हा काही जण हसले. "बायांनी मासे धरले आणि आता पंप धरायला लागल्या," असंही कुणी म्हणालं. घरातही बोलणी खाल्ली. संध्याकाळी दमून आलेल्या माणसाला पंप शेतातच धुवायचा म्हणजे डोक्यावरून पाणी न्यायचं. ते बहुतेक आपल्याच डोक्यावरून जातं, हेही खरं. म्हणून आम्ही ग्रामपंचायतीकडे टाक्यांची मागणी केली. काही शेतांवर टाक्या आल्या, काहींवर नाही. अजून दोन-तीन जण अंधार पडल्यावर घाटावर येतात, ते आम्हाला माहीत आहे. पण आता पंप आडवा करण्याआधी ते मागे वळून बघतात.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपल्याला आठवतं, कारण ते डोळ्यांसमोर घडलं. तलावात उतरलेलं औषध तसं दिसत नाही. ते पानांच्या काढ्यात, गाळात, मृगळाच्या पोटात गुपचूप बसून राहतं. त्याला शोधायला मोठं यंत्र लागतं, पण त्याला पाण्यापासून लांब ठेवायला आपले हात पुरतात.

तुमच्या पुढच्या बैठकीत एक करा. एका ताटाला तेल लावा, कोरडं पीठ चोळा, पाण्याने ते एका काचेच्या पेल्यात उतरवा आणि हप्ते गोळा होईपर्यंत पेला मध्ये ठेवून द्या. मग सगळ्यांना विचारा, ताटावरचं तेल गेलं कुठे? उत्तर सगळ्या देतील. त्यानंतर आपापल्या गावच्या तलावाबद्दल बोला.

आमच्या मावशी आता सांडवा वाहायला लागला की मुद्दाम बघायला जातात. तुम्हीही जा. नमस्कार.